चौकटीच्या एक हात बाहेर

त्याचं खरं नाव घरपट्टीच्या कागदावर असेल तेवढंच. गल्लीत त्याला सगळे हलूनका म्हणत. चाळीस वर्षं फोटो काढले आणि प्रत्येक फोटोआधी हेच म्हणाला, मग लोक तरी दुसरं काय म्हणणार. एरवी मुंगीला वाट देणारा माणूस, पण कॅमेऱ्यामागे गेला की न्यायाधीशालासुद्धा हनुवटी खाली घ्यायला लावायचा.

माणसं नीटनेटकी करायचं काम मात्र अक्काचं. अक्का त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, त्या गडबडीत स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं, आणि त्याने दुकान टाकलं तेव्हा न बोलावता येऊन उभी राहिली. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ती कॉलर सरळ करी, केसांची बट मागे सारी, पोरांची नाकं पुसे आणि डावीकडे सरकून उभी राही. चौकट कुठे संपते हे तिला कॅमेऱ्यात न बघता कळायचं. बरोबर एक हात बाहेर. "अक्का, सर जरा," तो सवयीने म्हणे. "सरलेय," ती सवयीने म्हणे. चाळीस वर्षांत तिचं नखही कधी फोटोत आलं नाही.

म्हणून ती गेली तेव्हा फोटोवाल्याच्या घरात तिचा एकही फोटो निघाला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तेही एक वेळ चाललं असतं. पण वर्ष उलटलं आणि एक दिवस दाढी करताना त्याच्या लक्षात आलं, की अक्काचा चेहरा आपल्याला आठवत नाही. हात आठवत होते. गिऱ्हाइकाच्या गळ्यापासून मागे सरणारी बोटं, कोपराजवळ भाजल्याची खूण. कॅमेऱ्याच्या खिडकीतून त्याला तेवढीच अक्का दिसायची ना. चेहऱ्याच्या जागी नुसता उजेड. हजारो तोंडं ज्याला पाठ, त्याला आईच्या जागची बहीण आठवू नये.

त्यात दुकानात कॉलरी आपोआप सरळ होताहेत, हेही आता त्याच्या ध्यानात आलं. वाकडी कॉलर घेऊन गिऱ्हाईक बसे, हा फिल्म पुढे सरकवून डोळा खिडकीला लावी, तोवर कॉलर जागच्या जागी. दिव्यांचा झोत गिऱ्हाइकावर, बाजूला मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात डाव्या कडेला एखादी बाही हलल्यासारखी वाटे. "अक्का, सर जरा," असं त्याच्या तोंडून निघून जाई. बाही सरे. "सरलेय" मात्र कुणी म्हणत नसे.

त्याने बायकोला सांगितलं. ती शेंगा सोलत होती.

"जिवंतपणी माझ्या संसारातून सरल्या नाहीत, आता तुमच्या कॅमेऱ्यातून कशाला सरतील?"

"थट्टा करू नकोस."

"बरं, नाही करत. नीट दिसतात का?"

"नीट दिसत नाही, हेच तर दुखणं आहे."

तिने हातातली शेंग मोडली आणि दाणे ताटलीत टाकले.

त्याचा कॅमेरा जुना. बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी, आट्यांवर फिरवून बसवायची. खिडकीत माणूस दोनदा दिसतो, एक ठसठशीत आणि एक पुसट. लेन्सचं कडं फिरवत पुसटाला ठसठशीतावर आणून बसवायचं, म्हणजे फोकस झाला. असले कॅमेरे दुरुस्त करणारा शहरात एकच म्हातारा उरला होता. त्याला चिमटा म्हणत, कारण चहा पितानाही त्याच्या बोटांत चिमटा असे. हलूनका कॅमेरा घेऊन त्याच्याकडे गेला.

"रुंद लेन्स हवी. आट्यांची."

"खोली लहान झाली की गिऱ्हाइकं जाड झाली?"

"तू दाखव तर."

चिमट्याने फडक्यावर तीन मांडल्या. पस्तीस, अठ्ठावीस, एकवीस. आकडा जितका लहान, तितकं जास्त जग आत. हलूनकाने एकेक उचलून मागून बॅटरीचा उजेड टाकला. पस्तीसच्या पोटात बुरशीने जाळं विणलं होतं.

"यात कोळी राहतो वाटतं."

"असू दे, भाडं वेळेवर देतो. एकवीस बघ, काच लख्ख आहे. पण कडेचा माणूस ताणते हां. चवळीची शेंग उभी कर, भोपळा निघेल."

"मग नको. चेहरा बिघडला तर उपयोग काय?"

"चेहरा मधे असतो. कडेला कुणाचा चेहरा?"

हलूनकाने एकवीस बाजूला सारली. अठ्ठावीस उचलली. कडं जड फिरत होतं, आतलं ग्रीस जुनं, पण काच बरी होती. आटे एकमेकांत चुकीचे अडकू नयेत म्हणून आधी उलटी फिरवली, टक् झालं तशी सुलटी, आणि ती लोण्यासारखी आत गेली.

चिमट्याने एक बोटभर नळकांडं पुढे केलं. "हे कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसव आणि यातून बघ. तुझ्या खिडकीला जुन्या लेन्सइतकंच दिसतं. ही लेन्स त्याच्या दुप्पट घेईल."

"नळकांडं नको."

"डोकं फिरलं का? न बघता काढशील तर झाडू, बादली, तुझी फाटकी चप्पल, सगळं येईल फोटोत."

"येऊ दे. मी जेवढं बघतो तेवढं तिला कळतं. रुंद बघितलं तर ती तितकी लांब जाऊन उभी राहील. जुन्याच खिडकीतून बघितलं, तर तिला वाटेल चौकट तिथेच संपली."

चिमट्याने चिमटा खाली ठेवला. "अक्का?"

"चेहरा पाहिजे रे. एकदाच."

मग चिमट्याने कॅमेरा फडक्यात बांधून दिला. "घेऊन जा. काही आलं नाही तर लेन्स परत आण. आणि आलं तर मला दाखवू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळीच न्हावी आपल्या आईला घेऊन आला. म्हातारी स्टुलावर बसायला तयार नाही.

"मेल्यावर भिंतीला लावायला काढतोयस ना?"

"आधीच लावतो की गं. तुलाही बघायला मिळेल."

न्हावी मागे उभा राहिला. जगाची डोकी नीट करणारा, पण स्वतःची कॉलर एका बाजूने दुमडलेली. हलूनकाने दिवे लावले, फिल्म सरकवली, कॅमेरा उभा धरून डोळा खिडकीला लावला. म्हातारी दोन दिसल्या, मग एक झाली. कॉलर सरळ होती. डाव्या कडेला बाही हलली आणि सरली. आज तो "सर" म्हणाला नाही. "हलू नका," म्हणाला आणि कुणाला म्हणाला ते त्याचं त्याला कळलं नाही. सहा वेळा खटका दाबला.

दुपारी फिल्म वाळल्यावर तो डार्करूममध्ये शिरला. पहिल्यांदाच अख्खी निगेटिव्ह कागदावर घेतली, काही न कापता. लाल दिव्याखाली औषधाच्या तबकात कागद हलवत उभा राहिला. न्हाव्याचे काळे केस आले, म्हातारीचे डोळे आले. डावीकडे दिव्याचा पाय आला, बादली आली. मग बाही, कोपर, खांदा.

बायको होती.

सहाही फोटोंत तीच. जुन्या चौकटीच्या बरोबर एक हात बाहेर.

त्याने हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, कागद बघितला आणि नजर चुकवली नाही.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"त्या गेल्याच्या चौथ्या दिवसापासून. वाकड्या कॉलरीचे फोटो जायला लागले असते. तुम्ही आत गुंतलात की मागच्या दाराने यायचे."

"मी वर्षभर तुला अक्का म्हणत होतो."

"ऐकू येत होतं. बोलले असते तर तुमचं त्यांच्याशी बोलणं तुटलं असतं."

तो खाली बसला. मग उठून शेवटचा कागद हातात घेतला. "तिचा चेहरा सांग. तुला आठवत असेल."

"मला? त्यांच्यापुढे मान वर करायची सोय होती का कधी? पाय सांगते हवं तर."

"मग इथे कुणाकडे बघतेयस?"

पाच फोटोंत ती गिऱ्हाइकाकडे बघत होती. सहाव्यात नाही. त्यात ती अर्धं पाऊल मागे सरली होती, कुणाला वाट दिल्यासारखी, आणि मान वर करून आणखी डावीकडे बघत होती. घरात तिच्याहून उंच एकच बाई होती. चेहऱ्यावर थोडा धाक, थोडा वैताग. सव्वीस वर्षं त्या घरात एकाच माणसापुढे तिचा चेहरा तसा व्हायचा.

बायकोने कागद दिव्याजवळ धरला. पुष्कळ वेळ धरला.

"बघतेय खरी," ती हळूच म्हणाली. "पण काय बघितलं ते आठवत नाही."

त्याने निगेटिव्ह पुन्हा फोटो मोठा करायच्या यंत्रात घातली आणि कागद डावीकडे सरकवला. आणखी सरकवला. नवा कागद तबकात टाकला. दोघं वाकून उभी राहिली. बायकोचा खांदा आला, तिची वर झालेली मान आली, आणि त्यापुढे एकदम काळा पट्टा, त्यात फिल्मच्या भोकांची ओळ.

"इथे काय आहे?" तिने विचारलं.

"इथे फिल्म संपते."

"मग पुरे करा," ती म्हणाली. पण दिवा लावायला दोघांतलं कुणी हललं नाही.