पडद्यावरचे ढग आणि कोपऱ्यातलं नाव

रामदासभाऊ ओला फोटो चिमट्यात धरून डार्करूममधून बाहेर आले. आधी माझ्या पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सुखदेवभाऊ, ढग कुठी गेले?"

मी फोटो हातात घेतला. सोनाळ्याचे एक पाटील खुर्चीत, शेजारी त्यांची बायको, दोघंही ठसठशीत आले होते. मागं मी आठ दिवस खपून रंगवलेलं आभाळ असायला हवं होतं. तिथं काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. मात्र खाली उजव्या कोपऱ्यात, पाटलांच्या जोड्याशेजारी, काळीकुट्ट अक्षरं होती : सुखदेव पेंटर, मलकापूर.

पाटलांनी मान पुढं काढून वाचलं. "हा सुखदेव पेंटर कोन होय? आमच्या फोटोत काऊन घुसला?"

महाराष्ट्र नुकताच झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं 'मुंबई राज्य' खोडून 'महाराष्ट्र राज्य' लिहिण्यात माझं बरं चाललं होतं. मी कुठल्या शाळेत शिकलो नाही. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर मार्के टाकता टाकता ब्रश धरायला शिकलो. जानराव मास्तर मात्र मुंबईची ड्रॉईंगची परीक्षा पास. हायस्कुलात नोकरी, आणि सुट्टीत नाटकांचे पडदे. दोघंही रंगात हात बुडवणारे, पण लोक त्यांना 'सर' म्हणत आणि मला 'ए पेंटर'. ते मला सलायचं.

रामदासभाऊंनी मलकापूर स्टेशनच्या रस्त्याला फोटो स्टुडिओ काढला, तेव्हा मागच्या पडद्यासाठी ते आधी मास्तरांकडंच गेले. मास्तरांनी हातभर कापडावर नमुना करून दिला. मातकट करडं आभाळ, त्यात फिकट ढग. मी तो पाहिला आणि मोठ्यानं हसलो.

"रामदासभाऊ, हे ढग होय का चुलीचा धूर? यापुढं लग्नाचं जोडपं उभं करता?"

"मास्तर म्हनतात, असंच पाहिजे."

"मास्तरानं पोराईले शिकवावं. मी तुमाले असं आभाळ देतो, का गिऱ्हाईक छत्री शोधीन. मास्तरापेक्षा कमीत करतो. एकच अट. कोपऱ्यात माह्यं नाव राहीन, अन् ते हरेक फोटोत आलं पाहिजे."

"अन् ढग नाही पटले तं?"

"पह्यला फोटो पाहा. नाही पटलं तं पडदा वापस."

सौदा पक्का झाला. पाटी रंगवली की दोन पावसाळ्यांत उडते. फोटो मात्र घराघरात भिंतीवर लागतो. जिल्हाभर माझं नाव लागणार होतं, आणि मास्तरांचं कुठंच नाही. मला एवढंच पाहिजे होतं.

काम मी मन लावून केलं. खडूची पूड, नीळ आणि सरस, म्हणजे रंग कापडाला धरून ठेवणारा डिंकासारखा चिकट पदार्थ. ढग काढायचे तर आधी ऊन कोणत्या बाजूनं येतं ते ठरवावं लागतं. त्या बाजूला ढग फुगलेला आणि उजळ, खाली सपाट आणि सावळा. कड कुठंच रेघेसारखी नको, म्हणून कोरड्या ब्रशनं ती पुसट करायची. हे मला कुणी शिकवलं नाही. जिनिंगच्या छपरावर उताणा पडून मी शिकलो होतो. शेवटी ऑइल पेंटनं लालभडक अक्षरांत नाव टाकलं.

मध्ये एकदा मास्तर माझ्या दुकानात आले. खिशातून औषधाच्या फुटक्या बाटलीची निळी काच काढली, एक डोळा मिटला आणि काचेतून पडदा पाहिला.

"पेंटर, निळा कमी करा. एकदा यातून पाहून घ्या."

"मास्तर, डोये आले का तुमचे?"

दुकानातली माणसं हसली. मास्तरांनी काच खिशात टाकली आणि गेले. मला वाटलं, जळतायत. मी स्वतः जळत होतो, दुसरं काय सुचणार?

आणि आता हा फोटो.

"पडदा वापस न्या," रामदासभाऊ म्हणाले. "अट तुमचीच होती."

मी भडकलो. "फोटोवाले तुम्ही का मी? तुमाले मालूम नको?"

"मी आजवर चादरीपुढं फोटो काढले, भाऊ. आभाळ कोनं काढलं होतं?"

ते मास्तरांना बोलवायला निघाले. मी नको म्हणालो, तरी गेले. शाळा सुटल्यावर मास्तर आले. मला वाटलं, आता हा माणूस सूड घेणार. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"रामदासभाऊ, डार्करूममध्ये लाल बल्ब चालतो. का? तुमच्या या फिल्मला लाल दिसतच नाही. लाल म्हणजे तिला काळोख. आणि निळं तिला पांढऱ्यासारखंच. पांढऱ्यावर पांढरे ढग कसे दिसतील?"

मग काच माझ्या हातात दिली. मी डोळा मिटून पाहिलं. आठ दिवसांचे ढग माझ्यादेखत नाहीसे झाले. माझं नाव तेवढं काळंशार उभं होतं.

दोन दिवसांत मास्तरांनी त्याच पडद्यावर सगळं आभाळ नव्यानं रंगवलं. तेच मातकट, तेच करडं. नुसत्या डोळ्यांना बघवत नव्हतं. नाव खोडायला मी ब्रश उचलला, तर म्हणाले, "राहू द्या. नावाची अट तुमची होती."

पाटलांना पुन्हा बोलावलं. या वेळी फोटोत पाटलांच्या फेट्यामागं असे ढग उठले होते की मी फोटो दारात नेऊन उजेडात पुन्हा पाहिला. असे मला कधी जमले नव्हते.

"आता कसं!" पाटील म्हणाले.

"नाव खटकत असंन तं पुसतो," रामदासभाऊ म्हणाले.

"काऊन? ज्यानं एवढे ढग काढले, त्याचं नाव नको का? राहू द्या बिचाऱ्याचं."

मास्तर कोपऱ्यात ब्रश धूत होते. रामदासभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मी पाटलांना नमस्कार केला.

पुढं पार देऊळगाव राजाकडं पाट्या रंगवायला गेलो, तरी भिंतीवरच्या फोटोत तो पडदा भेटायचा. घरधनी म्हणायचा, "पेंटरसाहेब, काय ढग काढले तुम्ही!" मी "हाव" म्हणायचो. 'ए पेंटर'चा 'पेंटरसाहेब' झालो, तो त्याच ढगांवर. मास्तरांनी खरं कधी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चारचौघांत भांडून मोकळा झालो असतो. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही, याचा राग अजून आहे.

निळी काच माझ्या पेटीत आहे. त्यांनी परत मागितली नाही, मीही दिली नाही. नव्या माणसाला मी दोनच गोष्टी सांगतो. स्टुडिओचं आभाळ माणसासाठी रंगवू नये, फिल्मसाठी रंगवावं. आणि पहिला फोटो निघण्याआधी कोपऱ्यात लाल रंगानं नाव टाकू नये.