उचलू नको मला

झुंबरबाईला सगळ्यात जास्त चीड यायची ती लोकांच्या कौतुकाची. "पोरगा असावा तर कानिफनाथासारखा! आईचा पाय भुईला टेकू देत न्हाई." अरे, तेच तर दुखणं होतं!

दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तरी पाय ओढत ती घरचं सगळं करायची. मग आषाढात अंगणात पडली, डावा खुबा मोडला, नगरला ऑपरेशन करून नवा बसवला. व्यायाम शिकवणाऱ्या ज्योती मॅडमनी उजव्या हातात चार पायांची काठी दिली आणि बजावलं, "आजी, खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही. पण चालायचं रोज. वारं गेलेला पाय निजवून ठेवलात तर कायमचा निजेल."

घरी आल्यावर काठी कोपऱ्यात गेली. संडासला जायचं म्हटलं की कानिफनाथ तिला दोन्ही हातांवर उचलायचा. शेजारणी डोळ्याला पदर लावायच्या आणि झुंबरबाई दातओठ खायची. लेकाची माया खोटी नव्हती, म्हणून तिला धड भांडताही येईना.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक येणार होता. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे सून रोहिणीही जाणार. "आईला संगं नेऊ," कानिफनाथ म्हणाला. कुठं, तर फडाशेजारच्या कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत! तिथं ना खाट, ना खुर्ची. सहा महिने भुईवर पडून राहायचं. त्यापेक्षा मेलेलं काय वाईट?

त्या दिवसापासून नवरा रानात गेला की रोहिणी दाराला कडी घालायची आणि सासूच्या हातात काठी द्यायची. आधी काठी, मग डावा पाय, मग उजवा. झुंबरबाई शिव्या घालत चालायची. लेकाला, खुब्याला, देवालासुद्धा.

ट्रक आला. अख्ख्या गल्लीसमोर कानिफनाथ अंगणात खुर्चीवर बसलेल्या आईला उचलायला वाकला. तिनं फाडकन त्याच्या मुस्काटात दिली.

"हात लावू नको मुडद्या! मी हितंच ऱ्हानार. तुला मी जल्मभर कडंवर घेऊन हिंडले असते, तर आज कोयता धरायला हुबा राहिला असतास का?"

काठी घेऊन ती उठली. दारापर्यंत गेली, वळली, परत आली. 

कानिफनाथाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, आमच्या मागं घरात कुनी न्हाई. पडलीस तर?"

"तर पडंन! पर माज्या पायानं चालताना पडंन."