मुठीतली ओल

अमरावतीबाहेरच्या आमच्या गोल्फच्या मैदानावर एक माळी आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. स्वतः कधी खेळले नाहीत, आणि कुणाचा चेंडू थेट भोकात गेला तरी मान वर करत नाहीत. रोज सकाळी खुरप्याने माती उकरतात, मुठीत दाबतात आणि मग पाणी द्यायचं की नाही ते ठरवतात. पेरणीआधी शेतकरी वापसा, म्हणजे मातीतली नेमकी ओल, पाहतो तसं. त्यांच्या या पारखीमुळे निम्म्या मैदानाला पाणी द्यायची गरजच उरली नाही. उरलेल्या हिरवळीला शहरातलं शुद्ध केलेलं सांडपाणी पुरतं.

मी इथला कृषी पदवीधर. घरातला पहिलाच, म्हणून नोकरी जपून करतो. माझ्याकडे ओल मोजायचं यंत्र आहे. त्याचं आणि काकांच्या मुठीचं आजवर भांडण झालेलं नाही.

मे महिन्यात, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात, क्लबचे सेक्रेटरीसाहेब गवत पाहून संतापले. "पिवळं पडलंय सगळं! रोज पाणी सोडा."

"पिवळं हाये, मेलं नाई. खाली ओल हाये साहेब."

"मेलं तर परत कामावर येऊ नका."

"बरं," म्हणून काकांनी मूठ झटकली.

यंत्राचा आकडा माझ्या हातात होता. मी यंत्र पाठीमागे धरलं.

साहेब गेल्यावर काकांनी विचारलं, "तुमचं मशीन काय म्हन्ते, सर?"

"ओल पुरेशी आहे."

"मंग साहेबासमोर त्याची वाचा काहून बसली होती?"

एवढं बोलून ते पुढची माती उकरायला गेले. मी यंत्र काखेत मारलं आणि साहेबांच्या खोलीकडे चालू लागलो.