लाइट आल्यावर बोलू

आमच्या इंद्रलोक वसाहतीतल्या बिल्डिंगमध्ये दुपारचं लोडशेडिंग सुरू झालं की सगळे जिन्यात येऊन बसायचे, आणि राजापूरकडे येऊ घातलेल्या अणुवीज प्रकल्पावर बोलणं निघायचं. "होऊन जाऊ दे एकदाचा!" असं सगळ्यात मोठ्याने मीच म्हणायचो.

समोरच्या फ्लॅटमधले काका तिकडचेच. त्यांची आंब्याची कलमं प्रकल्पाच्या जागेला लागून होती. पण पेपरने वारा घेत ते एवढंच म्हणायचे, "आता नको. लाइट आल्यावर बोलू. घामात माणूस कशालाही हो म्हणतो."

लाइट आली की जिना रिकामा व्हायचा. काका तेवढे पायरीवर बसून राहायचे. "हां, आता बोला," म्हणायचे, पण ऐकायला कोणी उरलेलं नसायचं.

एका दुपारी आईचा दमा उसळला. वाफेचं मशीन लावणार तोच लाइट गेली. आईची धाप समोर ऐकू गेली असावी; मी हाक मारायच्या आत काका दारात उभे होते. स्वतःच्या घरातला पंखा बंद करून त्यांनी नुकत्याच घेतलेल्या छोट्या इन्व्हर्टरची वायर आमच्यापर्यंत ओढत आणली होती. मशीन घरघरू लागलं.

"बघा काका, वीज किती..." मी सुरू केलं.

"आता नको."

लाइट आली तेव्हा आईचा श्वास सुरळीत झाला होता. वायर गुंडाळत काका म्हणाले, "हां, आता बोल. प्रकल्प हवा की नको?"

त्यांचा बनियन घामाने चिंब झाला होता. पंख्याखाली खुर्ची सरकवत मी म्हणालो, "काका, आधी तुम्ही बोला. मी ऐकतोय."