खंडेनवमीच्या पाटावरची मोकळी जागा

खंडेनवमी आली की चारकोपचं ते प्रकरण मला हटकून आठवतं. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. मी कांदिवलीला सबइन्स्पेक्टर होतो. ठाण्यात शस्त्रपूजेसाठी रायफली पुसून ओळीने मांडल्या होत्या आणि माळा कोणी ओवायच्या यावरून हवालदारांची जुंपली होती. तेवढ्यात फोन वाजला. बाईचा दबका आवाज. "चारकोपाक एका घरात बंदूक आसा. पूजा झाली की बाहेर जातली. त्याआधी येवा." पत्ता सांगून तिने फोन ठेवला.

निनावी फोन बहुधा शेजाऱ्यांच्या भांडणातून येतात, तरी शहानिशा करावीच लागते. हवालदार आणि पंच घेऊन गेलो. घरात विधवा आई आणि तिचा कारखान्यात फिटर असलेला मुलगा. वडील सुरक्षारक्षक होते, स्वतःच्या परवान्यावर बारा बोअरची बंदूक बाळगायचे. शिमग्याच्या सुमारास ते वारले. परवाना माणसाबरोबर संपतो. वारसांनी बंदूक लगेच ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. मग आपल्या नावावर परवाना मागायचा, नाहीतर परवाना असलेल्यालाच रीतसर विकायची. कायदा सरळ आहे, पण दिवसकार्याच्या धांदलीत तो कोणाला आठवतो?

"गावी आहे ना साहेब ती," मुलगा म्हणाला. खोटं बोलणारा विचारल्यापेक्षा जास्त सांगतो. हाही एसटीच्या टपापासून गावच्या माळ्यापर्यंत सगळं सांगत सुटला.

मी पूजेकडे पाहत होतो. पाटावर विळी, कोयता, मुलाचे पाने-पक्कड, सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं. मधोमध मात्र लांबलचक जागा मोकळी होती आणि तिच्या कडेने फुलं वाहिलेली.

"मावशी, इथे काय ठेवता?"

मुलाने डोळे वटारले. तिने तिकडे पाहिलंच नाही. "थंय ह्यांची बंदूक ठेवतंव," ती म्हणाली आणि ती आता कुठे आहे ते दाखवायला कोपऱ्यातल्या गादीच्या वळकटीकडे बोट केलं.

"आई, वाट लावलीस गं माझी." हवालदाराने वळकटी उलगडली, आत बंदूक होती. मग मुलाकडून सगळं बाहेर आलं. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं. त्याच्याकडे परवाना आहे का, हे मुलाने विचारलंही नव्हतं. वर्णनावरून तो इसम आमच्या चांगल्याच ओळखीचा निघाला. त्याला आम्ही संध्याकाळी दारातच धरलं.

"ती उद्या कुठे वाजली असती ना, तर नंबरावरून आम्ही तुझ्याच दारात आलो असतो. नोकरीचं तर सोडच, अख्खा जन्म आत गेला असता," मी सुनावलं. मला त्याचा खरोखर राग आला होता.

व्यवहार झाला नव्हता. वरिष्ठांनी मुलाचा जबाब घेऊन, समज देऊन बंदूक वारसाची म्हणून जमा करून घेतली. पुढे ती परवानगीने विक्रेत्यामार्फत विकली गेली.

त्याच दिवशी बंदूक जमा करायला आई ठाण्यात आली ती पदरात झेंडू घेऊन. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तशी त्याने ती बंदूक आमच्या रायफलींच्या ओळीत शेवटी ठेवली. तिने कुंकू लावलं, नमस्कार केला. मुलगा आत पावतीवर सही करत होता.

निनावी फोनामागे वैर असतं, असंच मी तोवर धरून चालायचो. त्यानंतर मात्र आधी घरातल्या माणसांकडे नीट पाहू लागलो.

"साहेब," आतल्या मुलाकडे पाहत ती हळूच म्हणाली, "फोनाचा माझ्या झिलाक सांगू नका हां."

"कुठला फोन, मावशी?" मी म्हणालो.