मूळचे कुठले?

अव्या गेला, हे अमेयनं फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "गाढव!" अमेय त्याचा मुलगा, इथं ऑकलंडमध्येच जन्मलेला. त्याला वाटलं, काकांना नीट ऐकू आलं नाही. बिचाऱ्यानं पुन्हा सांगितलं... सहा आठवडे झाले, माझा राग काही जात नाही.

पुण्यातल्या कॉलेजपासूनची दोस्ती. भांडल्याशिवाय आम्हाला चहा गोड लागायचा नाही. हिल्सबरोचं घर विकून अमेयजवळ टाकानिनीला जायचं अव्यानं ठरवलं. एजंट कशाला, म्हणे, मी काय बावळट आहे? वकीलबाईंनी बजावलं होतं, घर स्वतः विकलंत तरी कायदा तोच. वंश, धर्म, देश बघून कुणाला नाही म्हणता येणार नाही. यानं मान डोलावली आणि घर बघायला येईल त्याला विचारत सुटला, "मूळचे कुठले?" आपल्याकडे आडनाव ऐकलं की पुढचा प्रश्न हाच. पण म्हणून घर विकतानाही?

एका शनिवारी एक नर्स आली, नवरा आणि दोन मुलींना घेऊन. घर आवडलं, किंमत कबूल. आणि यानं विचारलंच. "इथलीच, मांगेरेची," ती म्हणाली. "ते झालं हो, पण मूळच्या?" तिचं हसू गेलं. "आईवडील टोंगा बेटांवरचे," ती म्हणाली. अव्यानं घसा खाकरला. "सॉरी हं, घर कालच विकलं गेलं."

ती गेल्यावर मी तोंड सोडलं. "धडधडीत खोटं बोललास! आपल्याला इथं कुणी भाड्यानं घर देत नव्हतं, तेव्हा शिव्या घालत फिरायचास ना?"

"भिंतीत देवघर आहे रे... आपलं कुणी आलं असतं तर..." तो पुटपुटला. मग म्हणाला, "बरं बाबा, सोमवारी करतो तिला फोन." रविवारी पहाटे हार्ट अटॅक. एवढा साधा फोन, लेका, लगेच केला असतास तर काय बिघडलं असतं?

परवा अमेयबरोबर अव्याच्या स्वयंपाकघरात आवराआवर करत होतो. फ्रिजवर अव्याच्या अक्षरात तिचा नंबर, खाली 'सोमवार – नक्की'. मीच अमेयला फोन लावायला लावला. त्यांनी एव्हाना फ्लॅट बुश उपनगरात दुसरं घर घेतलं होतं. अव्या गेल्याचं ऐकून ती हळहळली. मग म्हणाली, "पण ते घर तर तेव्हाच विकलं गेलं होतं ना?"

अमेयनं माझ्याकडे पाहिलं. "वॉज इट, काका?"

"नाही," मी म्हटलं. "मी इथंच उभा होतो. ती गाडीत बसून जाईपर्यंत एक शब्द बोललो नाही."