सासूबाईंचं स्कॉटिश रक्त

माझ्या डच सासूबाई स्वतःला पाव स्कॉटिश म्हणवायच्या. त्यांचे आजोबा स्कॉटलंडहून रॉटरडॅम बंदरात कामाला आले आणि इथलेच होऊन गेले. भर पावसात छत्री न घेता चालणं, कुणाचंही न ऐकणं, हे सगळं त्या रक्तामुळे, असं त्या सांगत.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आजोबांचं गाव बघायचं त्यांनी ठरवलं. सोबतीला स्वतःच्या मुलाला सोडून मला निवडलं, कारण डावीकडून गाडी चालवायची सवय घरात मला एकटीलाच. मी गाडी पुण्यात शिकलेली. बोटीनं इंग्लंडला उतरलो आणि दोन दिवस उत्तरेकडे जात राहिलो.

आजोबांचं गाव एका लॉखच्या काठी; लॉख म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची खाडी. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती आणि उतारावरचं नेच्याचं रान तांबूस झालं होतं. सासूबाईंनी खोल श्वास घेतला.

"हा वास मला ओळखीचा वाटतोय."

मला तो सुक्या बोंबलांसारखा वाटला.

आजोबांच्या भावाची नात अजून तिथंच राहते. ऐंशीच्या पुढच्या या बाईंनी आम्हाला चहा दिला आणि चर्चच्या नोंदींवरून स्वतः उतरवलेली वंशावळ टेबलावर पसरली. बोट वर वर सरकत एका नावावर थांबलं.

"हा आपला मूळपुरुष. हेरिंग मासे पकडायला आला आणि इथल्या मुलीशी लग्न करून राहिला. फ्लार्डिंगेनचा."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "कुठला?"

"फ्लार्डिंगेन. हॉलंडमध्ये आहे म्हणे. तुम्हाला माहीत आहे?"

सासूबाईंच्या रॉटरडॅमजवळच्या कापेलमधल्या घरापासून ते गाडीनं पंचवीस मिनिटांवर आहे. त्यांचा दातांचा डॉक्टर तिथलाच.

संध्याकाळी खाडीच्या काठानं चालताना त्या मध्येच थांबल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी नुसतीच डच."

"आई, बरंच झालं की. हट्टीपणा आता सगळा तुमचा स्वतःचा."

त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि मग इतक्या हसल्या की दगडावर बसावं लागलं.

त्या बाई मात्र हरखल्या होत्या. या जूनमध्ये त्या पूर्वजांचं गाव बघायला आमच्याकडे आल्या. सासूबाईंनी त्यांना फ्लार्डिंगेनच्या बंदरावर नेलं आणि डच लोक आवडीनं खातात तसं कांदा घातलेलं कच्चं हेरिंग हातात दिलं. बाईंनी ते शेपटीला धरून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, "हे तळून मिळेल का?"

सासूबाईंनी त्यांच्या वाटचंही खाल्लं. गाडीत बसताना माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "डच रक्त फारच पातळ झालंय गं बिचारीचं."